जेट ग्राउटिंग करताना रिटर्न बंद पडतोय? कोल्हापूरच्या जमिनीत काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

जेट ग्राउटिंग म्हणजे भोकात रॉड घालून, त्याच्या टोकाच्या नोझलमधून सिमेंट-पाण्याचं मिश्रण (ग्राउट) जोरात सोडून माती कापायची आणि तिथेच सिमेंट-मातीचा खांब (कॉलम) तयार करायचा. जो जास्तीचा माल भोकातून वर येतो तो रिटर्न. हा रिटर्न थांबला की आधी हाय-प्रेशर पंपाचा दाब खाली आणायचा. कारण नंतर शोधता येतं. साइटवर मात्र बहुतेक वेळा उलटं होतं. ऑपरेटर गेजकडे बघतो, काटा ४०० बारवर आहे, म्हणजे सगळं जागेवर आहे असं धरतो आणि 'येईल की वर' म्हणून आणखी दोन मिनिटं चालवतो. शेजारच्या खोलीतली फरशी उचलते ती त्या दोन मिनिटांत.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचा क्रम पाठ करावा लागत नाही. ४०० बार हा दाब जमिनीला लागत नाही. तो पंपापासून नोझलपर्यंतच असतो. दोन मिलिमीटरच्या भोकातून बाहेर पडताना त्या दाबाचा वेग होतो, सेकंदाला २०० मीटरच्या वर, आणि माती कापतो तो हा वेग. कापलेली माती आणि जास्तीचं ग्राउट रॉडभोवतीच्या फटीतून वर येतं. ही फट उघडी आहे तोवर जमिनीला भार पडतो तो फक्त त्या फटीतल्या स्लरीच्या उंचीचा. फट बुजली की पंपातून येणारं सगळं ग्राउट आत कोंडतं. २ मिमीची दोन नोझल ४०० बारवर मिनिटाला साधारण ८० लिटर सोडतात. हे ८० लिटर तीन बाय तीन मीटरच्या खोलीखाली सारखे पसरले असं धरलं, तर एका मिनिटात जमीन ९ मिमी उचलली. प्रत्यक्षात ते सारखं पसरत नाही, एका कोपऱ्यात जातं, त्यामुळे भिंतीला तडा जायला मिनिटही लागत नाही.

खालची सगळी माहिती सिंगल आणि डबल सिस्टीमसाठी आहे. सिंगल म्हणजे नुसतं ग्राउट, डबल म्हणजे ग्राउटभोवती हवा. रॉड ९० मिमीचा, खोली १५ मीटरपर्यंत. कोल्हापुरात जुन्या इमारतीचा पाया धरणं, नाल्याकाठची खोदाई आणि शिरोली, गोकुळ शिरगावकडची जड मशिनची फाउंडेशनं या कामांना हीच मापं लागतात. जमीन साधारण अशी: वर भराव, मग काळी चिकण, मग मुरूम, मग काळा कातळ. पंचगंगेच्या काठाला मळीची (नदीच्या गाळाची) जमीन लागते आणि मध्येच गोट्यांचा थर. यातली काळी चिकण आणि भराव हे दोन थर रिटर्नचे खरे वैरी.

लक्षणं

चांगला रिटर्न कसा दिसतो ते आधी डोळ्यात बसवा. भोकाच्या तोंडाशी माल सलग, थोडा उसळत येतो. रंग सिमेंटचा राखाडी आणि मातीचा काळा किंवा पिवळा यांच्या मधला. त्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान मातीचे गोळे असतात. डबल सिस्टीममध्ये हवेमुळे तो गचके देत येतो, दर दोन-तीन सेकंदांनी एक उसळी. हा ताल बिघडला की त्रास सुरू झाला असं समजायचं, पूर्ण बंद पडायची वाट बघायची नाही.

बिघाड दिसतो तो असा:

- रिटर्न हळूहळू घट्ट होतो, गोळे मोठे येतात, मग नुसता हवेचा फुसका आवाज येतो.
- रिटर्न एकदम थांबतो आणि गेजचा काटा वर उडतो.
- रिटर्न पातळ आणि निव्वळ राखाडी येतो, माती दिसतच नाही.
- रिटर्न इथे थांबतो आणि दुसरीकडे निघतो: कालच्या भोकातून, गटारीतून, शेजारच्या आडात.
- रॉड फिरवायला जड जातो, हायड्रॉलिकचा टॉर्क वाढतो.
- भोकापासून दोन-चार मीटरवर जमिनीतून बुडबुडे येतात किंवा फरशीवर टाच मारली की पोकळ आवाज येतो.

शेवटच्या ओळीतले बुडबुडे किंवा पोकळ आवाज दिसला तर खालच्या तपासण्यांकडे जाऊच नका, थेट 'कधी थांबायचं' हा भाग वाचा.

पहिल्या तीन मिनिटांत

पंपाचा दाब खाली आणा, पण रॉड स्थिर ठेवू नका. फिरवणं चालू ठेवा आणि कमी दाबाने, २०-३० बारवर, थोडं पाणी किंवा पातळ ग्राउट जाऊ द्या. आतला माल बसू लागला की रॉड पकडला जातो, आणि चिकणीत ९० मिमीचा रॉड १२ मीटरवर अडकला तर तो सोडवायला दिवस जातो. या कमी दाबावरही रिटर्न येत नसेल तर तेही बंद करा आणि रॉड फिरवत फिरवत वर घ्या. डबल सिस्टीममध्ये पाणी-ग्राउट बंद केल्यावरही हवा थोडी चालू राहू द्या; बंद केली की काही सेकंदांत ग्राउट हवेच्या फटीत शिरतं. बुडबुडे लांब निघत असतील तर मात्र हवाही लगेच बंद करायची.

थांबलो ती खोली लगेच नोंदवा. रॉडवर खडूने खूण केली तरी चालेल. पुन्हा सुरू करताना ही खूण लागते.

तपासणी १: भोकाचं तोंड आणि खड्डा. खर्च शून्य

अर्ध्या वेळा भानगड इथेच असते. कारण साधं आहे: रिटर्नला वर येऊन कुठेतरी वाहून जायचं असतं. रिटर्न साठवायचा खड्डा भरला, तो उपसणाऱ्या मड पंपाची जाळी तुंबली किंवा चर बुजला की माल तोंडाशी साचतो, घट्ट होतो आणि डाट बसतो.

तोंडाशी वरचा एक-दीड मीटर पीव्हीसीचा केसिंग पाइप आहे का बघा. भरावात केसिंग नसेल तर विटांचे तुकडे, राडारोडा फटीत पडतो आणि तिथेच पाचर बसते. केसिंगचं तोंड खड्ड्याच्या पातळीपेक्षा निदान एक वीत वर हवं आणि चराला खड्ड्याकडे उतार हवा. खड्ड्यातला माल दर तासाला उपसा. काल संध्याकाळचा माल आज सकाळी फावड्याने निघत नाही, पहार लागते.

हा माल गटारीत सोडायचा मोह शहरात फार होतो, कारण टँकर लावायचा म्हणजे पैसे. सोडू नका. गटार पुढे जयंती नाल्याला आणि तिथून पंचगंगेला मिळते, सिमेंटचं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, आणि शिवाय गटारीत सिमेंट धरलं की ती फोडून काढायचा खर्च तुमच्याच बोकांडी बसतो.

तपासणी २: गेज आणि टाकीची पट्टी

नुसता दाब बघून काही कळत नाही. दाब आणि प्रवाह जोडीने बघायचे. फ्लो मीटर नसेल तर अजिटेटरच्या (ग्राउट ढवळत ठेवणाऱ्या) टाकीत लाकडी पट्टी उभी धरा. एक मीटर व्यासाच्या टाकीत मिनिटाला ८० लिटर म्हणजे १० सेमी उतार. घड्याळ लावून एक मिनिट मोजा, झालं. मोजताना टाकीत मिक्सरमधला नवा घाणा सोडायचा नाही, एवढंच लक्षात ठेवा.

दाब वाढलाय आणि प्रवाह घटलाय: नोझल बुजलं आहे किंवा होजमध्ये गाठ अडकली आहे. दोनपैकी एक नोझल बंद झालं तर तेवढाच प्रवाह अर्ध्या भोकातून जायला चौपट दाब मागतो. सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो किंवा ऑपरेटर पंप हळू करतो आणि कुणाला काही सांगत नाही. तपासणी ५ कडे जा.

दाब घटलाय, प्रवाह तोच आहे: नोझल झिजलं आहे किंवा रॉडच्या जोडातली ओ-रिंग (रबरी कडं) गेली आहे. जोडातून गळणारं ग्राउट फटीतून सरळ वर येतं, त्यामुळे रिटर्न झकास दिसतो आणि खाली कॉलम मात्र काडीएवढा होतो. वरचं तिसरं लक्षण, निव्वळ राखाडी रिटर्न, बहुधा याचंच.

दोन्ही जागेवर आहेत आणि रिटर्न नाही: मशिन ठीक आहे, दोष भोकात किंवा जमिनीत आहे. सगळ्यात धोक्याची अवस्था हीच, कारण गेज तुम्हाला काहीच सांगत नाही.

तपासणी ३: ग्राउट

मड बॅलन्स हे ग्राउटची घनता मोजायचं साधन महाग नाही आणि ते साइटवर नसणं याला कारण नाही. एक पिशवी सिमेंट, ५० किलो, आणि ५० लिटर पाणी असा १:१ घाणा केला तर साधारण ६६ लिटर ग्राउट होतं आणि त्याची घनता १.५२ (लिटरला किलो) यायला हवी. पाणी ४० लिटर घातलं, म्हणजे पाणी-सिमेंट ०.८, तर १.६१. पाणी ६० लिटर, म्हणजे १.२, तर १.४५. ठरलंय १:१ आणि बॅलन्सवर १.५८ येतंय, म्हणजे पाणी कमी पडलंय. मिक्सरवाल्याने बादल्या मोजायच्या सोडून अंदाजाने पाइप धरला असणार. घट्ट ग्राउट वर येतानाही घट्टच असतं, त्यात काळी माती मिसळली की फटीतून सरकत नाही.

मार्श फनेल, म्हणजे ग्राउट किती पातळ आहे ते बघायचं नरसाळं, तेही लावा. नुसतं पाणी ९४६ मिलिलिटर उतरायला २६ सेकंद लागतात. १:१ ग्राउट तिसेक सेकंदांत उतरतं. ४० च्या वर गेलं तर एक तर पाणी कमी आहे, नाही तर ग्राउट टाकीत शिळं झालंय. दोन तासांपेक्षा जुनं ग्राउट काढून टाका. मे महिन्याच्या उन्हात त्याआधीच.

सिमेंटकडेही बघा. पावसाळ्यात प्लास्टिकखाली थप्पी मारलेल्या पिशव्यांत खालच्या दोन थरांना गुठळ्या धरतात. बोटांनी चुरगळली तर चालेल, चुरगळत नसेल तर ती पिशवी बाजूला. मिक्सर आणि टाकीच्या मधली चाळणी एक मिलिमीटरची हवी. नोझलच्या भोकाच्या निम्म्यापेक्षा मोठा कण पुढे जाता कामा नये, कारण दोन कण मिळून भोक अडवतात. चाळणी फाटली म्हणून पोत्याचं फडकं बांधलेलं दिसतं. त्या फडक्याचे धागेच नंतर नोझलमधून निघतात.

तपासणी ४: दहा लिटरची बादली

यापुढे रिटर्नचं वजन बघायचं. रिटर्न घट्ट होत चालल्याचं हे सगळ्यात आधी सांगतं, म्हणून बंद पडल्यावरच नव्हे, चालू कामातही दर दोन मीटरला करा. दहा लिटरच्या खुणेपर्यंत बादली भरा, हवेचे बुडबुडे जाईपर्यंत ढवळा, काट्यावर ठेवा, बादलीचं वजन वजा करा.

१:१ ग्राउट वापरत असाल तर निव्वळ ग्राउटचे दहा लिटर १५.२ किलो भरतात. रिटर्न एवढाच भरला आणि रंगही राखाडीच असेल तर खाली काही कापलं जात नाही. १६ किलोच्या आसपास आणि ओघळणारा असेल तर ठीक. १७ च्या वर गेला आणि बादलीतून श्रीखंडासारखा पडायला लागला की पुढच्या मीटरभरात डाट बसणार, हे लिहून ठेवा.

घट्ट रिटर्नला उपाय तीन आहेत. पहिला, रॉड हळू वर घ्या: ४ सेमीच्या पायरीला ८ सेकंद देत होता ते १० किंवा १२ करा. मीटरला ग्राउट वाढतं, माल पातळ होतो. ८ सेकंदांच्या हिशोबाने मीटरला २६७ लिटर, म्हणजे चार पिशव्या जातात. १२ सेकंदांना सहा. खर्च वाढतो हे खरं. दुसरा उपाय प्री-कट: आधी नुसत्या पाण्याने एक फेरी मारून चिकण मोकळी करायची, मग ग्राउटची फेरी. काळ्या मातीत हाच खरा उपाय, फक्त खड्डा दुप्पट लागतो. तिसरा उपाय ग्राउट पातळ करणं. हा सगळ्यात सोपा म्हणून सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात वाईट आहे, कारण मजबुती घटते. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाण्याला हात लावू नका.

तपासणी ५: रॉड वर काढून नोझल आणि हवा

इथून पुढे वेळ जातो, म्हणून हे पाचवं. रॉड काढण्याआधी पंप बंद आणि लाइनमधला दाब शून्य, हे गेजवर बघून, ब्लीड व्हॉल्व्ह उघडून खात्री करा. दाबाखालच्या नोझलकडे वाकून बघणं म्हणजे बंदुकीच्या नळीत डोळा घालणं. या जेटची बारीक पिचकारी अंगात शिरली तर बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत पेशी मरत जातात. अशा माणसाला दुखत नसलं तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्यायचं आणि 'हाय-प्रेशर इंजेक्शन' हे शब्द तिथे सांगायचे.

नोझल सोडवून धुवा. बुजलं असेल तर पितळी तारेने साफ करा. स्टीलची तार भोकाची कड खरवडते आणि जेट फिसकटतो. मग ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा गेज म्हणून वापरा: २ मिमीच्या नोझलमध्ये २ चा दांडा गेला पाहिजे, २.२ चा जाता कामा नये. २.४ चा आत गेला तर भोकाचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढलंय आणि त्याच प्रवाहाला दाब निम्म्यावर येणार. असं नोझल भंगारात टाकायचं. जोडीतलं एकच बदलू नका, दोन्ही बदला.

परत बसवून, मॉनिटर (रॉडच्या टोकाचा नोझलवाला भाग) रिकाम्या जागेकडे तोंड करून, समोर कुणी नाही हे बघून, २०-३० बारवर पाणी सोडा. धार दोऱ्यासारखी सलग हवी. फुलोरा धरत असेल तर आत कड तुटली आहे किंवा कचरा आहे.

डबल सिस्टीममध्ये नोझलभोवतीची हवेची गोल फट बघा. ती सिमेंटने भरलेली असणं हा नेहमीचा आजार आहे. याचं कारण वर आलंय: खाली जाताना किंवा थांबल्यावर हवा बंद केली. पाण्याखाली जायच्या आधी हवा चालू, आणि सगळ्यात शेवटी बंद. हवा गेली की नुसती कापणी कमी होत नाही, रिटर्नला वर ढकलणारी उचलही जाते. कॉम्प्रेसरचा दाबही बघा. स्लरीच्या दर दहा मीटरला दीड बार उलट दाब असतो. १५ मीटरवर सव्वादोन बार नुसते तिथेच खर्च होतात, वर होजमधला आणि फटीतला तोटा आहेच.

तपासणी ६: भोक

मशिन, ग्राउट, नोझल सगळं ठीक असेल तर भोकाचा व्यास मोजा. बिट किती मिमीचा होता ते विचारू नका, आत्ता बाहेर काढून मोजा. वरच्या भरावात दगडगोटे आणि खाली मुरूम खाल्लेला १५० चा बिट १३५-१४० झालेला असतो आणि वहीत मात्र शेवटपर्यंत १५० लिहिलेलं असतं.

१५० च्या भोकात ९० चा रॉड म्हणजे चहूबाजूंनी ३० मिमी फट. ११० च्या भोकात १० मिमी. क्षेत्रफळ बघितलं तर फट साडेतीन पटींनी लहान झाली. दहा मिलिमीटरच्या फटीतून पेराएवढे चिकणीचे गोळे वर येणार नाहीत, मग पंप कुठल्याही कंपनीचा असो. उलट फार मोठं भोकही बरं नाही: वर येण्याचा वेग मंदावतो आणि मळीतली जाड रेती, गोटे अर्ध्यावरून परत खाली बसतात. ९० च्या रॉडला १३० ते १५० हे माप जमतं.

पण काळ्या मातीत भोक मोजलं तेव्हा १५० असतं आणि दोन तासांनी नसतं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि भोक आवळत जाते. उन्हाळ्यात वरचा थर भेगाळलेला, कोरडा असतो, त्याला पाणी मिळालं की जास्तच. म्हणून काळ्या मातीत सकाळी दहा भोकं पाडून ठेवायची आणि दुपारी एकेक जेट करायचं, ही सवय सोडा. एक भोक पाडलं की तेच जेट करा. आवळलेलं भोक रॉड वर-खाली करून रीम (पुन्हा रुंद) करा, आणि जेट करताना दर मीटरला रॉड अर्धा मीटर वर-खाली घ्या, म्हणजे वरची फट मोकळी राहते.

रॉडचे जोड बदलतानाही डाट बसतो. तीन मीटरचा रॉड काढायला दहा मिनिटं लागत असतील तर तेवढ्यात माल बसला. पान्हे, नवी ओ-रिंग, ग्रीस हाताशी ठेवून हे काम दोन-तीन मिनिटांत झालं पाहिजे.

तपासणी ७: जमीन

सगळ्यात अवघड आणि महाग. रिटर्न अडकलेला नाही, तो दुसरीकडे गेलाय.

जुन्या पेठांत वाड्याच्या परसात आड असायचा. नळ आल्यावर त्यात राडारोडा टाकून वर फरशी केली. गावठाणात धान्याची पेवं असायची, तीही अशीच बुजवलेली. कोल्हापुरात तर अख्खी तळी बुजवली गेली: वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे, कपिलतीर्थाच्या जागी मंडई. अशा भागात दोन मीटरवर मुरूम लागेल असं धरून काम सुरू करायचं नाही. तळ्याचा गाळ काळा, वास येणारा, सेंद्रिय असतो. त्यात सिमेंट नीट धरत नाही. गाळ निघाला तर ट्रायल कॉलम करून, उघडा करून, व्यास मोजून, कोअर (आतला गोल नमुना) काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्यामुळे काम सुरू व्हायच्या आधी गल्लीतल्या वयस्कर माणसाला विचारा, 'आजोबा, इथं आड होता का?' हे बोअरहोलपेक्षा स्वस्त आहे.

पोकळीत माल जातोय असं दिसलं तर जेटने ती भरायचा प्रयत्न करू नका. जेट बंद करा. घट्ट ग्राउट, पाणी-सिमेंट ०.५ ते ०.६, त्यात रेती घालून, दाबाशिवाय नुसतं ओतून पोकळी भरा. २४ तास थांबा. मग पुन्हा भोक पाडा. गोट्यांच्या थरात थोडं बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) घातलेलं ग्राउट कमी दाबाने सोडून तो थर आधी बंद करतात. गोट्यांत रिटर्न मुळातच थोडा कमी येतो, ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

कालच्या कॉलममधून रिटर्न निघत असेल तर क्रम चुकलाय. एकाला लागून दुसरा कॉलम त्याच दिवशी करायचा नाही. एक सोडून एक करा आणि मधला दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी घ्या.

नदीचं पाणीही बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदी या आकड्यांकडे सरकायला लागली की काठच्या सखल भागात भूजल वर येतं, भोकं ढासळतात आणि गोट्यांच्या थरातून वाहतं पाणी ताजं सिमेंट धुऊन नेतं. नदीकाठचं काम डिसेंबर ते मे मध्ये बसवा.

आणि जाता जाता: भिंतीला तडा आहे म्हणून कुणी जेट ग्राउटिंग सुचवलं असेल तर आधी सांडपाण्याचा पाइप आणि पावसाळी पाण्याचा उतार तपासा. काळ्या मातीवरच्या बऱ्याच घरांचं दुखणं गळक्या पाइपात असतं. मुरूम दोन-अडीच मीटरवर असेल तर टप्प्याटप्प्याने खणून काँक्रीटचं अंडरपिनिंग (जुन्या पायाखाली नवा आधार) स्वस्त पडतं.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

जेट करताना लेव्हल मशिन किंवा निदान पाण्याची नळी लावून जवळच्या भिंतींवर खुणा हव्यातच. डिझाइनमध्ये जमिनीची उचल किती चालेल ते लिहिलेलं नसेल तर ३ मिमीला थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तड्यावर काचेची पट्टी चिकटवली असेल आणि ती तडकली तर मोजत बसायचं नाही, माणसं खोलीतून बाहेर काढायची.

भोकापासून लांब जमिनीतून बुडबुडे किंवा माल निघाला, किंवा टाकीच्या पट्टीनुसार रिटर्न नसताना २०० लिटरच्या वर ग्राउट आत गेलंय, तर जिओटेक्निकल इंजिनिअर आल्याशिवाय त्या भोकात पुन्हा पंप लावू नका. ग्राउट कुठे गेलं ते कळायला हवं. शेजारची ड्रेनेज चेंबरं, विहिरी, तळघरं उघडून बघा. ताजं असेल तर पाण्याने धुता येतं, दुसऱ्या दिवशी नाही. गॅसचा वास आला तर इंजिन, जनरेटर सगळं बंद. केबलला धक्का लागल्याची शंका असेल तर महावितरणचा माणूस येईपर्यंत रिगला हात लावायचा नाही, कारण रॉडमध्ये करंट असू शकतो.

हाय-प्रेशर पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून तो आवळणं, होजला फुगा आलाय म्हणून त्यावर पट्टी बांधणं, या दोन गोष्टी कुणीच करायच्या नाहीत. तो पंपाच्या मेकॅनिकचा विषय आहे. दोन कॉलम लागोपाठ सारख्याच खोलीवर बंद पडले तर तो मशिनचा दोष समजू नका. तिथे थर बदलतोय, आणि पॅरामीटर नव्याने ठरवायला डिझाइनर लागतो.

पुन्हा सुरू करताना

दोष सापडला, दुरुस्त झाला, तर खडूच्या खुणेपासून सुरू करू नका. रॉड खुणेच्या निदान अर्धा मीटर खाली न्या, कमी दाबावर रिटर्न सलग येतोय हे बघा, आधी हवा, मग दाब हळूहळू ४०० पर्यंत, आणि पूर्ण दाब आल्यावरच रॉड वर घ्यायला सुरुवात करा. थांबलेला वेळ दोन-तीन तासांच्या वर गेला असेल तर खालचा भाग धरायला लागलेला असतो. जेट त्यावर आपटून परत येतो आणि सांध्यात चिकणीचा थर राहतो. अशा वेळी पूर्ण घट्ट होऊ द्या आणि शेजारी नवा कॉलम घ्या. कॉलमच्या वहीत थांबल्याची खोली, वेळ, दाब आणि रिटर्नचं वजन लिहा. नंतर कोअर काढायला माणूस येईल तेव्हा त्याला हीच खोली दाखवायची आहे.